एका एन्झाइमची उलटतपासणी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत असे. वर्गात बरीच वर्षं मी एक विनोद करत आलो. डीएनएची नक्कल कशी होते हा धडा आला की मी फळ्यावर आर्थर कॉर्नबर्ग हे नाव लिहायचो, खाली लिहायचो ‘नोबेल, १९५९’, आणि मुलांकडे वळून म्हणायचो, ‘‘या गृहस्थांना चुकीच्या एन्झाइमसाठी नोबेल मिळालं बरं का!’’ वर्ग हसायचा. मागच्या बाकावरची झोपाळू मंडळीसुद्धा जागी व्हायची. शिक्षकाला आणखी काय हवं असतं?

आज तो विनोद परत घ्यायला मी आपल्यासमोर आलो आहे. तो का परत घ्यायचा हे सांगण्यासाठी जी गोष्ट सांगावी लागते, ती एका जीवाणूची आहे, एका तंत्रज्ञ बाईंची आहे आणि एका बापलेकांचीही आहे.

जीवाणू तसा आपल्या घरातलाच. ई. कोलाय. आपल्या आतड्यात तो कोट्यवधींच्या संख्येनं नांदतो. त्याची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दुप्पट. पण त्याच्या पोटातला डीएनएचा धागा सरळ केला तर दीड मिलिमीटरच्या आसपास भरतो. म्हणजे स्वतःच्या लांबीच्या सात-आठशे पट धागा गुंडाळून हा प्राणी जगतो. त्या धाग्यावर ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेला मजकूर आहे. जवळजवळ ४६ लाख अक्षरजोड्यांचा. एका जीवाणूचे दोन व्हायचे तर या सगळ्या मजकुराची नक्कल व्हायला हवी. ती सुमारे ४० मिनिटांत होते. एका ठिकाणी सुरुवात करून दोन्ही बाजूंना काम चालतं, तेव्हा प्रत्येक बाजूला सेकंदाला हजारेक अक्षरं. आणि चूक किती? सगळ्या दुरुस्त्या धरून, अब्जभर अक्षरांमागे एखादी. आमच्या छापखान्यांनी हेवा करावा असं हे काम आहे.

हे काम करतं कोण, हा प्रश्न १९५३ साली डीएनएची दुहेरी गोफासारखी रचना कळल्यावर लगेच उभा राहिला. वॉटसन आणि क्रिक यांनी रचना सांगितली, नक्कल कशी होत असेल याचा अंदाजही केला. पण कारागीर कोण ते माहीत नव्हतं. पुष्कळांना वाटत होतं की जिवंत पेशीबाहेर ही गोष्ट घडणंच शक्य नाही.

कॉर्नबर्ग यांना तसं वाटत नव्हतं. ते मूळचे डॉक्टर. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात, युरोपातून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबात १९१८ साली जन्मलेले. त्यांची श्रद्धा एकाच गोष्टीवर होती: एन्झाइमवर. आपल्या पाठ्यपुस्तकांत याला ‘विकर’ म्हणतात. पेशीतली रासायनिक कामं उरकणारी ही प्रथिनं. कॉर्नबर्ग यांचं म्हणणं असं, की पेशी जे काम करते ते करणारं एन्झाइम असतंच. पेशी फोडा, रस काढा, त्या रसातून एकेक घटक वेगळा करत जा, कारागीर सापडेल. सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी ई. कोलायचा रस काढला, त्यात किरणोत्सारी खूण केलेला डीएनएचा कच्चा माल टाकला आणि पाहिलं. दहा लाख खुणांपैकी जेमतेम ५० खुणा नव्या धाग्यात गेलेल्या दिसल्या. दुसऱ्या कोणी ही प्रयोगातली धूळ म्हणून झटकून टाकली असती. यांनी ती धरून ठेवली. किलो-किलोंनी जीवाणू वाढवून, शुद्धीकरणाच्या एकामागून एक पायऱ्या चढून, १९५६ पर्यंत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ते एन्झाइम हातात आणलं. नाव ठेवलं डीएनए पॉलिमरेज. या कामात त्यांची पत्नी सिल्वी कॉर्नबर्गही होत्या. त्या स्वतः संशोधक होत्या. नवऱ्याच्या नावाखाली बायकांची नावं कशी झाकली जातात हा वेगळ्या भाषणाचा विषय आहे, म्हणून इथे थांबतो.

या शोधाचे निबंध ज्या नियतकालिकाकडे पाठवले, त्यांनी ते आधी नाकारले. परीक्षकांचं म्हणणं, तुम्ही जे तयार केलंय त्याला डीएनए म्हणण्याइतका पुरावा नाही. १९५८ मध्ये ते छापून आले आणि १९५९ मध्ये नोबेल! विज्ञानात असंही होतं.

आता या एन्झाइमची एक गंमत ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. ते जुना धागा वाचून त्याच्या जोडीचा नवा धागा विणतं, हे खरं. पण कोऱ्या जागेवरून सुरुवात करता येत नाही. आधी एखादा छोटा तुकडा असावा लागतो, त्याला ते पुढे जोडत जातं. आणि ते एकाच दिशेला चालतं. डीएनएचे दोन धागे मात्र परस्परांच्या उलट दिशांना असतात. एकमार्गी गाडीनं दोन्ही बाजूंचा रस्ता कसा करायचा? शिवाय परीक्षानळीत त्याचा वेग सेकंदाला दहा-वीस अक्षरांचा. जीवाणूला हजार हवीत. बैलगाडीनं डेक्कन क्वीनची वेळ गाठण्यासारखं झालं हे.

पण नोबेल मिळालं होतं, पुस्तकात छापलं होतं. १९६७ च्या डिसेंबरात तर कॉर्नबर्ग आणि सहकाऱ्यांनी याच एन्झाइमनं एका विषाणूचा सबंध डीएनए नळीत तयार केला आणि तो जीवाणूत सोडल्यावर त्यातून खरोखरीचे विषाणू जन्माला आले. अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी भाषणात त्याचा गौरवानं उल्लेख केला. ‘परीक्षानळीत जीव’ असे मथळे झाले. अशा वेळी ‘तुमचा कारागीर हा नव्हेच’ असं म्हणायला धाडस लागतं.

ते धाडस जॉन केर्न्स यांनी केलं. हे इंग्रज, तेही डॉक्टर. १९६३ साली त्यांनी ई. कोलायच्या डीएनएचं छायाचित्र मिळवलं होतं. धाग्यात किरणोत्सारी खूण घालायची, तो फिल्मवर पसरायचा आणि दोन महिने अंधारात ठेवून द्यायचा. काळ्या ठिपक्यांची रेघ उमटते. त्या रेघेनं दाखवलं की जीवाणूचा डीएनए म्हणजे एक अखंड कडं आहे आणि ते केवढ्या वेगानं दुप्पट होतं. ज्या माणसानं तो वेग डोळ्यांनी पाहिला, त्याला बैलगाडीची शंका येणारच.

पण शंका घेणं निराळं आणि ती तपासणं निराळं. इथे आनुवंशिकीची, म्हणजे जनुकांच्या शास्त्राची, रीत कामाला आली. कॉर्नबर्ग यांच्यासारखा रसायनशास्त्रज्ञ यंत्र उघडतो, पुर्जा बाहेर काढतो आणि तो टेबलावर काय करतो ते बघतो. आनुवंशिकीवाला यंत्र बंदच ठेवतो. एकेक पुर्जा बिघडवतो आणि यंत्राचं काय होतं ते बघतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर. पण टेबलावर पुर्जा जे करू शकतो तेच तो यंत्रात करत असेल याची खात्री पहिल्या रीतीनं मिळत नाही.

सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की नक्कल करणारं एन्झाइम बिघडलं तर जीवाणू मरणार. त्यामुळे शोध चालला होता मेलेल्यांत, किंवा मरणाऱ्यांत. केर्न्स यांनी उलटा विचार केला. हे एन्झाइम खरा कारागीर नसेल, तर ते नसतानाही जगणारा जीवाणू सापडला पाहिजे. म्हणून शोधायचं जिवंतांत.

न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत हे काम पॉला डी लुसिया या त्यांच्या तंत्रज्ञ सहकारी बाईंनी केलं. जीवाणूंना जनुकं बिघडवणारं रसायन द्यायचं. मग बशीतल्या खाद्यावर त्यांच्या वसाहती वाढू द्यायच्या. एकेका जीवाणूपासून वाढलेला एकेक टिपका. प्रत्येक टिपका वेगळा वाढवायचा, फोडायचा, त्याच्या रसात पॉलिमरेज आहे का ते मोजायचं. आहे? पुढचा. आहे? पुढचा. यात कुठलीही युक्ती किंवा आडवाट नव्हती, कारण जिवंत आणि धडधाकट दिसणाऱ्या जीवाणूंतून बिघडलेला ओळखायचा कसा? चेहऱ्यावर काहीच लिहिलेलं नसतं. काही हजार वसाहती तपासल्यावर एक अशी मिळाली की जिच्या रसात पॉलिमरेजचं काम नेहमीच्या एक टक्क्याहूनही कमी होतं. तिचा क्रमांक ३४७८.

ही जात खुशाल वाढत होती. नेहमीच्याच वेगानं दुप्पट होत होती. अतिनील किरण टाकले की मात्र बिचारी पटापट मरायची. केर्न्स आणि डी लुसिया यांनी १९६९ मध्ये ‘नेचर’ साप्ताहिकात हे प्रसिद्ध केलं. बिघडलेल्या जनुकाला नाव मिळालं पोल-ए. पॉलिमरेजचा पहिला जनुक म्हणून ‘ए’ असं कोणालाही वाटेल. पण सलग उच्चारून पाहा: पोल-ए, पॉला. नावातला हा श्लेष जाणूनबुजून केलेला होता. इतक्या जनुकांना नीरस नावं असतात, त्यात हे एक मला फार आवडतं.

आता कॉर्नबर्ग यांच्या जागी आपण स्वतःला ठेवून पाहू. तेरा-चौदा वर्षांचं काम, जगातला सर्वांत मोठा मान, आणि एक सुखरूप वाढणारा जीवाणू सांगतोय, ‘तुमच्या एन्झाइमवाचून माझं काही अडत नाही.’ टीका सुरू झाली. ‘नेचर न्यू बायॉलॉजी’ या नव्या नियतकालिकाच्या संपादकीयांतून तर त्या एन्झाइमची हेटाळणीच झाली. आपण सगळे भलत्याच वाटेला लागलो होतो असा सूर निघाला. शुद्धीकरणाच्या रीतीवरच प्रश्नचिन्ह लागलं. ते डाफरणं कॉर्नबर्ग यांना किती लागलं होतं ते त्यांनी पुढे आत्मचरित्रात सांगितलं आहे.

त्यांचे तीन मुलगे. मधला टॉम. हा एकाच वेळी कोलंबिया विद्यापीठात पदवीचा अभ्यास करत होता आणि जुलियार्ड या नावाजलेल्या संगीत विद्यालयात चेलो शिकत होता. चेलो म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातलं मोठं, बसून वाजवायचं वाद्य. पुढे हाताच्या दुखण्यामुळे वादन बाजूला ठेवावं लागलं. वडिलांच्या एन्झाइमवर गदा आलेली. या मुलाला प्रयोगशाळेतल्या शुद्धीकरणाचा अनुभव फारसा नव्हता. तो कोलंबियातच माल्कम गेफ्टर या तरुण प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत गेला आणि हाच प्रश्न हातात घेतला: पॉला यांच्या जीवाणूत जुनं पॉलिमरेज नसेल, तर तिथे नक्कल करतंय कोण?

इथे त्या जीवाणूचा खरा उपयोग कळतो. साध्या ई. कोलायच्या रसात पॉलिमरेजचं जे काम दिसतं, त्यातलं नव्वद टक्क्यांहून अधिक कॉर्नबर्ग यांच्या एन्झाइमचं असतं. एका पेशीत त्याचे चारेकशे रेणू. मिरवणुकीत ढोल-ताशे चालू असताना कोपऱ्यात कोणी सनई वाजवत असेल तर ती ऐकू येईल का? ढोल थांबले की येते. ३४७८ क्रमांकाच्या जातीत ढोल थांबलेले होते. टॉम कॉर्नबर्ग आणि गेफ्टर यांनी तिचा रस शुद्धीकरणाच्या स्तंभातून सोडला, आणि १९७० साली एक वेगळं पॉलिमरेज मिळालं. त्याला म्हटलं पॉलिमरेज-दोन. त्याच सुमारास आणखी दोन ठिकाणच्या संशोधकांनाही ते मिळालं. मग टॉमला त्याच स्तंभातून निराळ्या जागी बाहेर पडणारं तिसरंही सापडलं. पॉलिमरेज-तीन. पेशीत याचे रेणू केवळ दहा-वीस.

चेलो खाली ठेवलेल्या मुलानं काही महिन्यांत दोन एन्झाइम काढली. बापाची बाजू सावरायला निघालेल्या मुलानं, खरा कारागीर दुसराच आहे हेच सिद्ध करायला मदत केली. याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा. पण रीत बापाचीच होती, हेही विसरू नका. पेशी फोडा, रस काढा, वेगळं करत जा. जी रीत नालायक ठरवली जात होती, तिनंच उत्तर दिलं.

पण थांबा, अजून कारागीर ठरलेला नाही. टेबलावर आता एक नव्हे तर तीन पुर्जे आहेत. पुन्हा तोच प्रश्न: यंत्रात नक्कल करतो तो कुठला?

याचं उत्तर पुन्हा जनुकांनी दिलं. पॅरिस आणि जर्मनीतल्या प्रयोगशाळांनी तोवर एक वेगळ्या जातीचे जीवाणू गोळा केले होते. पुर्जा पूर्ण बिघडला तर जीवाणू मरतो. मग मेलेल्याचा अभ्यास करणार कसा? म्हणून असे जीवाणू निवडले की ज्यांचा पुर्जा ३० अंश तापमानाला चालतो आणि ४२ अंशाला बंद पडतो. थंडीत शहाणा, उन्हात भ्रमिष्ट! ३० अंशाला वाढवून ठेवायचे, ४२ अंशाला नेऊन तपासायचे. काही जातींत उष्णता वाढताच नक्कल जागच्या जागी थांबायची. काहींत चालू असलेली पुरी व्हायची पण नवी सुरू व्हायची नाही. नुसत्या एवढ्या निरीक्षणावरून कळत होतं की सुरुवात करून देणारे पुर्जे वेगळे आणि पुढे नेणारे वेगळे. या जनुकांना डीएनए-ए, डीएनए-बी, डीएनए-सी अशी नावं पडली होती. जनुकं होती, पण त्यांची एन्झाइम कुठली ते ठाऊक नव्हतं. दुसरीकडे टॉमकडे एन्झाइम होती, पण त्यांची जनुकं ठाऊक नव्हती. लग्न जमवायचं तेवढं बाकी होतं.

१९७१ मध्ये गेफ्टर, टॉम, पॅरिसचे हिरोता आणि इतर सहकारी यांनी ते जमवलं. उन्हात बंद पडणाऱ्या एकेका जातीचा रस काढून दोन्ही पॉलिमरेज वेगवेगळ्या तापमानांना तपासली. डीएनए-ई हा जनुक बिघडलेल्या जातींत पॉलिमरेज-दोन ठणठणीत होतं. पॉलिमरेज-तीन उष्णतेनं मरत होतं. जीवाणूची नक्कल ज्या तापमानाला थांबते, त्याच तापमानाला हे एन्झाइमही थांबतं. कारागीर सापडला.

पुढच्या वर्षांत त्या कारागिराचं सगळं बिऱ्हाड उजेडात आलं. डीएनए-बी हा गोफ उलगडत पुढे जाणारा. डीएनए-जी सुरुवातीचा छोटा तुकडा घालून देणारा. कोऱ्या जागेवरून सुरुवात कशी होते याचं ते उत्तर. डीएनए-एन म्हणजे धाग्याभोवती बसणारं कडं, जे पॉलिमरेजला घसरू देत नाही. त्यामुळेच सेकंदाला हजार अक्षरांचा वेग गाठता येतो. आणि डीएनए-क्यू हा मुद्रितशोधक. चुकीचं अक्षर बसलं की तिथल्या तिथे खोडतो. हा बिघडला तर जीवाणू मरत नाही म्हणता येईल, पण चुका हजारो पटींनी वाढतात. वृत्तपत्रात काम करणाऱ्या माझ्या मित्राला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘‘आमच्याकडे त्याचं पदच रद्द केलंय.’’

आता माझ्या विनोदाकडे येतो. पॉलिमरेज-तीन खरं, मग पॉलिमरेज-एक चुकीचं. इथवर मी शिकवायचो आणि थांबायचो. एका वर्षी एका विद्यार्थिनीनं विचारलं, ‘‘सर, मग पेशी त्याचे चारशे रेणू कशाला बाळगते? निकामी गोष्ट एवढी कोण सांभाळतं?’’ मी म्हणालो, ‘‘दुरुस्तीला लागतं, अतिनील किरणांनी ती जात मरते ना, म्हणून.’’ ते बरोबर होतं पण अपुरं होतं, आणि मला ते ठाऊकही होतं. घरी जाऊन नीट वाचायला बसलो.

दोन धागे उलट दिशांचे, पॉलिमरेज एकमार्गी, ही अडचण आठवते ना? ती जपानमधल्या नागोया इथल्या रेजी आणि त्सुनेको ओकाझाकी या दांपत्यानं १९६० च्या दशकात सोडवली. एक धागा सलग विणला जातो, दुसरा मागे मागे येत तुकड्या-तुकड्यांनी. ई. कोलायमध्ये एकेक तुकडा हजार-दोन हजार अक्षरांचा. म्हणजे एका नकलेत असे दोन ते चार हजार तुकडे. प्रत्येक तुकड्याची सुरुवात करून देणारा जो चिमुकला भाग असतो, तो डीएनएचा नसून आरएनएचा असतो. शिंपी कपडा शिवताना आधी कच्चे टाके घालतो आणि पक्की शिलाई झाली की ते उसवून काढतो, तसे हे कच्चे टाके. ते कोणीतरी काढले पाहिजेत, त्या जागी डीएनए भरला पाहिजे आणि तुकडे सांधले पाहिजेत. नाहीतर दर नकलेला हजारो ठिकाणी फाटलेला डीएनए पेशीच्या हाती येणार.

कच्चे टाके काढत काढत त्याच वेळी मागून भरत जाणारं एन्झाइम कुठलं? पॉलिमरेज-एक. कॉर्नबर्ग यांचंच. ओकाझाकी यांना फार आयुष्य मिळालं नाही. ते मूळचे हिरोशिमाचे. किशोरवयात अणुबाँबच्या किरणोत्साराची झळ लागलेली. १९७५ साली रक्ताच्या कर्करोगानं ते गेले.

मग ३४७८ ही जात जगली कशी? तिथे खरी मेख आहे. पॉलिमरेज-एकला दोन हात आहेत म्हणा: एक विणणारा, एक उसवणारा. पॉला यांच्या जीवाणूच्या जनुकात मध्येच ‘इथे थांबा’ अशी चुकीची पाटी लागली होती, त्यामुळे प्रथिन अर्धवट तयार व्हायचं. पण प्रथिन ज्या टोकाकडून तयार होतं तिथेच उसवणारा हात आहे. तो शाबूत राहिला होता. मोजलं होतं फक्त विणणं, म्हणून एन्झाइम ‘नाही’ असं दिसलं. १९७४ मध्ये कॉनरॅड आणि लेमन यांनी असा जीवाणू मिळवला की ज्याचा उसवणारा हात उष्णतेनं बंद पडतो. तो उष्णतेत मेला. हे लेमन म्हणजे १९५६ साली पहिलं पॉलिमरेज शुद्ध करणाऱ्या कॉर्नबर्ग यांच्या चमूतलेच. पुढे १९८४ मध्ये जॉइस आणि ग्रिंडली यांनी तो सबंध जनुकच काढून टाकला. निकाल मोठा मजेदार आहे. असा जीवाणू गरिबीच्या खाद्यावर हळूहळू तग धरतो, कारण दुसरी एन्झाइम थोडंफार उसवण्याचं काम निभावून नेतात. पण त्याला पौष्टिक खाद्य द्या, तो भराभर वाढायला जातो आणि मरतो. कामाचा रेटा वाढला की बदली कामगारांना झेपत नाही.

म्हणजे ‘चुकीचं एन्झाइम’ हा माझा शब्दच चुकीचा होता. नकलेचं मुख्य विणकाम ते करत नाही. पण शेवटचा हात त्याचाच फिरतो. कॉर्नबर्ग चुकले असतील तर एवढ्यापुरतेच, की हाती आलेला कारागीर एकटाच आहे असं सगळ्यांनी धरलं. आणि ‘एक’ हा आकडा दर्जाचा नसून शोधाच्या क्रमाचा आहे. दरवर्षी परीक्षेत निम्मी मुलं त्याला मुख्य एन्झाइम ठरवून गुण घालवतात. त्यात दोष नावाचा आहे. मुलांना काय बोल लावायचा?

कोणी म्हणेल, जीवाणूच्या पोटातले हे पुर्जे मोजून आम्हाला काय मिळालं? एकच उदाहरण देतो. १९६२ मध्ये नॅलिडिक्सिक अ‍ॅसिड हे औषध सापडलं, क्लोरोक्विन बनवताना हाती आलेल्या एका उपपदार्थावरून. मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गावर ते चालायचं. ते नकलेवर घाव घालतं एवढं माहीत होतं; त्याला दाद न देणाऱ्या जीवाणूंमध्ये कुठला जनुक बदललेला असतो हेही नकाशावर सापडलं होतं. पण तो जनुक काय बनवतो याचा पत्ता नव्हता. १९७६ मध्ये गेलर्ट आणि सहकाऱ्यांनी डीएनए गायरेज हे एन्झाइम शोधलं. नक्कल चालताना पुढच्या धाग्याला जो पीळ बसतो तो हे सोडवतं. वर्षभरात कळलं की औषधाचा बळी तेच. जनुक आधी, एन्झाइम मागाहून. पुन्हा तीच जोडी जमवण्याची गोष्ट. याच घराण्यातली सिप्रोफ्लॉक्सॅसिनची गोळी आपल्यापैकी पुष्कळांनी घेतलेली असेल. १९९० च्या दशकात टायफॉइडवर ती हमखास होती. आज आपल्या देशातले बहुतांश टायफॉइडचे जंतू तिला पूर्वीसारखी दाद देत नाहीत. गायरेजच्या जनुकातलं एखादं अक्षर बदलतं, प्रथिनातला एक दुवा बदलतो, गोळीला पकड मिळत नाही. डॉक्टर ‘पूर्ण कोर्स घ्या’, ‘मनानं गोळ्या घेऊ नका’ म्हणतात, ते या एका अक्षरापायी. मुद्रितशोधकाच्या नजरेतून अब्जात एखादी चूक सुटते खरी, पण एका आजारी माणसाच्या शरीरात जंतू केवढे असतात!

टॉम कॉर्नबर्ग पुढे पॉलिमरेजच्या नादाला राहिले नाहीत. फळमाश्यांची वाढ कशी होते याच्या अभ्यासाकडे वळले. त्यांचे थोरले भाऊ रॉजर यांना २००६ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, डीएनएवरून आरएनए कसं उतरवलं जातं या कामासाठी. तिथेही मध्यवर्ती पात्र एक पॉलिमरेजच. आर्थर यांनी ते पाहिलं, आणि पुढच्या वर्षी, २००७ मध्ये ते गेले. केर्न्स २०१८ पर्यंत होते.

पोल-ए बिघडलेली एक जात आमच्या कॉलेजातही होती. शीतपेटीच्या तळाशी, लेबल पुसट झालेल्या कुपीत. त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नानंतर मी ती बाहेर काढली आणि प्रात्यक्षिकात घातली. दोन बशा. एकीत साधा ई. कोलाय, दुसरीत हा. दोन्ही बशांचा अर्धा भाग पुठ्ठ्यानं झाकायचा आणि अतिनील दिव्याखाली काही सेकंद धरायच्या. मग रात्रभर उबेच्या पेटीत. सकाळी मुलं झाकणं उघडायची. साध्या जीवाणूच्या बशीत दोन्ही अर्ध्यांत वाढ. उघड्या बाजूला थोडी विरळ, एवढंच. दुसऱ्या बशीत पुठ्ठ्याखाली दाट साय धरलेली, आणि पुठ्ठ्याच्या कडेपाशी सुरीनं कापल्यासारखी रेघ. पलीकडे काहीच नाही. मुलं बशी उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहायची, आणि मी फळ्यावर कॉर्नबर्ग यांच्या नावाशेजारी पॉला डी लुसिया हे नाव लिहायचो.